विल्यम मार्शलच्या वाटेवर सात दिवस

दिवस पहिला : लंडन

आमची मुलगी रेडिंगला राहते. तिच्या घराजवळून थेम्स नदी वाहते आणि पलीकडच्या काठावर कॅव्हरशॅम नावाची वस्ती आहे. १४ मे १२१९ रोजी दुपारच्या सुमारास याच कॅव्हरशॅममध्ये पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल याने प्राण सोडला, तेव्हा तो इंग्लंडच्या बालराजाचा राज्यपालक होता आणि त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. अनेक वर्षे इतिहास शिकवताना मी या सरदाराविषयी वाचत आलो होतो. मुलीकडे महिनाभर राहण्याचा योग आला तेव्हा त्यातले सात दिवस त्याच्यासाठी राखून ठेवायचे, असे मी पत्नीला निघण्यापूर्वीच सांगितले होते.

सुरुवात मात्र शेवटापासून, म्हणजे त्याच्या समाधीपासून करायची असे ठरले. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या रहदारीतून एका अरुंद बोळात शिरले की वकिलांच्या कचेऱ्यांचे शांत चौक लागतात आणि त्यांच्या मधोमध टेम्पल चर्च उभे असलेले दिसते. या चर्चचा गोल भाग जेरुसलेमच्या पवित्र समाधिमंदिराच्या धर्तीवर टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाच्या योद्ध्यांनी बांधला आणि ११८५ साली जेरुसलेमचा प्रमुख धर्मगुरू हेराक्लियस याच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. आत फरशीवर दगडी योद्धे उताणे निजलेले आहेत. १९४१ च्या मे महिन्यातल्या बाँबहल्ल्यात छप्पर पेटून त्यांच्यावर कोसळले, त्यामुळे कोणाचे नाक गेले आहे तर कोणाचे पाय. विल्यमची म्हणून परंपरेने दाखवली जाते ती मूर्ती साखळ्यांच्या चिलखतात आहे आणि तिचा चेहरा इतका झिजला आहे की त्यावरचा भाव आता वाचता येत नाही. शेजारच्या दोन मूर्ती त्याच्या मुलांच्या मानल्या जातात, थोरल्या विल्यमची आणि तिसऱ्या गिल्बर्टची.

पत्नी बराच वेळ त्या तीन मूर्तींपाशी उभी होती. मग तिने विचारले, "अहो, पाच मुलगे होते म्हणालात ना? मग हे घराणे पुढे कुठे गेले?" मी सांगितले की पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही औरस वारसावाचून गेले. त्यावर ती म्हणाली, "आणि मुली?" मुलीही पाच होत्या, एवढेच मला तेव्हा चटकन सांगता आले. मार्शलविषयी इतकी वर्षे वाचताना माझे सारे लक्ष लढाया, राजे आणि सनदा यांवर राहिले होते. त्या प्रश्नाने पुढच्या सहा दिवसांची दिशा बदलली.

दुपारी टॉवर ऑफ लंडनला गेलो. जडजवाहीर पाहण्यासाठी मोठी रांग होती, आम्ही तिकडे वळलो नाही. ११८९ साली या किल्ल्यात इझाबेल द क्लेअर नावाची सतराअठरा वर्षांची मुलगी राजाच्या पालकत्वाखाली ठेवलेली होती. तिचा पिता रिचर्ड, ज्याला लोक स्ट्राँगबो म्हणत, तो वेल्सच्या सीमेवरचा मोठा जहागीरदार होता, आणि आई ईफा ही आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची कन्या. भाऊ लहानपणीच वारल्यामुळे वेल्स, आयर्लंड आणि नॉर्मंडी अशा तीन प्रदेशांतली मालमत्ता या एका मुलीच्या नावावर आली होती आणि तिचा हात कोणाला द्यायचा हे राजा ठरवणार होता. नव्याने गादीवर येत असलेल्या राजा रिचर्डने तो विल्यम मार्शलला दिला. विल्यम तेव्हा त्रेचाळिशीच्या आसपास होता, त्याच्यापाशी नाव होते आणि जमीन जवळजवळ नव्हती.

दिवस दुसरा : हॅमस्टेड मार्शल

रेडिंगहून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने किंटबरीला उतरलो आणि कालव्याच्या काठाने चालत निघालो. मे महिना असल्यामुळे कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा बहर होता आणि वाटेवर आम्हा दोघांखेरीज चिटपाखरू नव्हते. हॅमस्टेड मार्शल या खेड्याने आजही या घराण्याचे नाव धरून ठेवले आहे. तिथल्या जुन्या बागेच्या आवारात मातीचे तीन उंचवटे आहेत, ज्यांच्यावर एके काळी लाकडी गढ्या होत्या. ११५२ साली राजा स्टीफनने वेढलेली न्यूबरीची गढी ती हीच असावी, असे काही अभ्यासक मानतात.

मार्शल हे मुळात आडनाव नव्हते, ते पद होते. जुन्या जर्मन भाषेतल्या घोडा आणि चाकर या दोन शब्दांपासून ते बनले, म्हणजे राजाची पागा सांभाळणारा तो मार्शल. विल्यमचे वडील जॉन यांच्याकडे हे पद वंशपरंपरेने होते. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात झालेल्या यादवीत जॉन मटिल्डाच्या बाजूने लढले आणि ११४१ साली वेअरवेलच्या जळत्या मठात छपराचे वितळलेले शिसे अंगावर पडून त्यांचा एक डोळा गेला. न्यूबरीच्या वेढ्यात त्यांनी राजाकडे तहाची मुदत मागितली आणि तारण म्हणून आपला धाकटा मुलगा ओलीस दिला. तो विल्यम होता, जेमतेम पाच वर्षांचा. मुदत मिळताच जॉन यांनी गढी खाली करण्याऐवजी तिच्यात माणसे आणि रसद भरली. मुलाला फासावर चढवू, असा निरोप राजाने पाठवला तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, याहून चांगले मुलगे घडवण्यासाठी लागणारा हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी अजून शाबूत आहेत.

हे वाक्य मी वर्गात अनेकदा सांगितले आणि मुले दरवेळी हसली. त्या उंचवट्याच्या पायथ्याशी गवतात उभे राहून मात्र मला ते उच्चारवेना. पाच वर्षांचे पोर फाशीच्या झाडाकडे नेले जात होते आणि वाटेत एका सरदाराच्या हातातला सुंदर भाला पाहून, मला तो द्या ना, असे म्हणत होते. स्टीफनला ते पाहवले नाही. त्याने मुलाला उचलून घेतले आणि छावणीत परत आणले. नंतर एके दिवशी राजा आणि तो मुलगा तंबूत बसून काड्यांचा खेळ खेळत होते. रानात उगवणाऱ्या एका झुडपाच्या, आपल्या इसबगोलाच्या जातीतल्या, बोंडवाल्या काड्या दोघांनी हातात धरायच्या, त्यांना योद्धे म्हणायचे आणि एकाने दुसऱ्याच्या काडीचे बोंड उडवायचे. पहिल्याच फटक्यात विल्यमने राजाच्या योद्ध्याचे डोके उडवले. त्या पायवाटेच्या कडेला याच काड्या हव्या तेवढ्या उगवलेल्या होत्या. पत्नीने दोन खुडल्या, एक माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघांनी तो खेळ खेळून पाहिला. काडी दिसते तशी लेचीपेची नाही, तिसऱ्या फटक्यापर्यंत बोंड तुटले नाही.

हे सारे आपल्याला कळते ते एका पद्यचरित्रामुळे. विल्यमच्या थोरल्या मुलाने वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच जॉन नावाच्या कवीकडून ते लिहवून घेतले. एकोणीस हजारांहून अधिक ओळींचे हे फ्रेंच काव्य एकाच हस्तलिखितात टिकून राहिले आणि एकोणिसाव्या शतकात पॉल मेयर या फ्रेंच पंडिताने ते चिकाटीने शोधून काढले. मुलाने पैसे देऊन लिहवून घेतलेले ते पित्याचे चरित्र आहे, हे वाचताना विसरून चालत नाही. आजोबांचा निर्दयपणा मात्र त्याने झाकलेला नाही.

दिवस तिसरा : चेपस्टो

सकाळी रेडिंगहून न्यूपोर्ट आणि तिथे गाडी बदलून चेपस्टो. वाय नदीच्या चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला लांबलचक पसरलेला आहे आणि नदीकडून पाहिले तर कडा कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते कळत नाही. इझाबेलबरोबर विल्यमकडे जे आले त्यातले हे मुख्य ठाणे होय. त्या काळी याला स्ट्रिगिल म्हणत.

लग्नापूर्वीचा विल्यम समजून घेतल्याशिवाय या किल्ल्याचे मोल कळत नाही. चौथ्या मुलाला वडिलांच्या मिळकतीतून काही मिळण्याची आशा नव्हती, म्हणून त्याला नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या सरदाराकडे शिकायला ठेवले गेले. ११६८ साली फ्रान्समध्ये मामा पॅट्रिक, सॉल्सबरीचा अर्ल, दगा होऊन पाठीत भाला लागून मारला गेला आणि त्याच चकमकीत मांडीला जखम झालेला विल्यम पकडला गेला. शत्रूच्या ताब्यात जखम बांधायला चिंधीही मिळत नव्हती, तेव्हा एका वाड्यातल्या दयाळू बाईने पाव आतून कोरून त्यात तागाच्या पट्ट्या भरून पाठवल्या. इंग्लंडची राणी एलेनोर हिने खंडणी भरून त्याला सोडवले आणि तिथून त्याचे दिवस पालटले. पुढे तिचा तरुण मुलगा, राजपुत्र हेन्री, याच्या पदरी असताना तो युद्धक्रीडांच्या मैदानांवर गाजला. हरलेल्या योद्ध्याला घोडा, शस्त्रे आणि खंडणी जिंकणाऱ्याला द्यावी लागे. एका भागीदाराबरोबर त्याने दहा महिन्यांत १०३ योद्धे पकडले. चाळिशीपर्यंत हीच त्याची कमाई होती. जमीन, किल्ला आणि संसार हे तिन्ही त्याला इझाबेलने दिले, असे म्हणण्यात मला काहीच वावगे वाटत नाही.

चेपस्टोचे दार हा या प्रवासातला माझा सर्वांत आवडता क्षण. विल्यमने दोन गोल बुरुजांमध्ये बांधलेल्या वेशीची ही मूळ लाकडी कवाडे १९६२ पर्यंत जागेवर टांगलेली होती. आता ती किल्ल्याच्या आत निवाऱ्याला ठेवली आहेत. लाकडाच्या वर्षवलयांवरून ती ११९० च्या आधीची ठरली आहेत आणि युरोपातली सर्वांत जुनी किल्ल्याची कवाडे म्हणून ती दाखवली जातात. बाहेरून त्यांवर लोखंडी पत्रे जडवलेले आहेत, आगीपासून राखण म्हणून. आतल्या बाजूला आडव्याउभ्या ओंडक्यांची जाळी आहे आणि सांधे कुसू आणि भोक अशा जोडणीने इतके नेमके बसवलेले आहेत की आमच्या गावच्या सुताराला ते दाखवावेत असे वाटले. नवविवाहित इझाबेल याच कवाडांतून आपल्या बापाच्या किल्ल्यात कितीदा आलीगेली असेल. पत्नी म्हणाली, "तिच्यासाठी हे सासर नाही, माहेरच."

दिवस चौथा : टिंटर्न

चेपस्टोहून बसने वाय नदीच्या दाट झाडीतून टिंटर्नला पोहोचायला अर्धा तास पुरतो. ११३१ साली क्लेअर घराण्यातल्या एका पुरुषाने स्थापलेला हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा मठ १५३६ साली आठव्या हेन्रीच्या हुकुमाने बंद झाला. छपराविना उभ्या असलेल्या त्या उंच भिंती आणि आकाश दाखवणारी रिकामी खिडकी पाहायला लोक दुरून येतात.

इझाबेलला १२२० साली, पतीच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आतच, या मठात पुरले. विल्यम लंडनमध्ये टेम्पलरांच्या चर्चमध्ये आणि ती तिच्या पूर्वजांच्या मठात. तिचे धाकटे दोन मुलगे वॉल्टर आणि अँसेल्मही इथेच आहेत, दोघेही १२४५ च्या अखेरीला काही आठवड्यांच्या अंतराने गेले आणि त्यांच्याबरोबर मार्शलांची पुरुषपरंपरा संपली.

पाच भावांच्या या शेवटाविषयी मॅथ्यू पॅरिस या तत्कालीन मठवासी इतिहासकाराने एक कथा नोंदवली आहे. विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावे बळकावली होती आणि ती परत न मिळाल्यामुळे त्या बिशपने घराण्याला निर्वंशाचा शाप दिला. गावे घेतली हे खरे आणि तो अन्यायच होता. परंतु शापावाचूनही या मृत्यूंची कारणे स्पष्ट आहेत. दुसरा मुलगा रिचर्ड राजाशी बिनसून १२३४ साली आयर्लंडमध्ये किल्डेअरच्या मैदानात जखमी होऊन वारला. गिल्बर्टला तर धर्मसेवेसाठी वाढवले होते, घोड्याचा सराव बेताचाच. तोच १२४१ साली हर्टफर्डजवळच्या युद्धक्रीडेत लगाम तुटून घोड्याबरोबर फरफटत गेला. ज्या मैदानी खेळाने बापाला उभे केले त्यानेच हा मुलगा नेला.

आज दिसतात त्या भिंती इझाबेलने कधी पाहिल्याच नाहीत. हे मोठे चर्च १२६९ साली बांधायला घेतले आणि १३०१ साली त्याचे पवित्रीकरण झाले. त्यासाठी सढळ हाताने पैसा दिला तो रॉजर बिगॉड, नॉरफोकचा अर्ल याने. हा रॉजर म्हणजे इझाबेलच्या थोरल्या मुलीचा, मॉडचा, नातू. मॉडला चेपस्टो मिळाले होते आणि १२४६ साली मार्शलपदाच्या मानाची काठीही तिच्याच हाती आली, ती तिने आपल्या थोरल्या मुलाला दिली. ते पद नंतर अनेक घराण्यांतून फिरत आज नॉरफोकच्या ड्यूककडे आहे आणि २०२३ साली चार्ल्स राजाचा राज्याभिषेक त्यांच्याच व्यवस्थेखाली पार पडला. त्या भिंतीला हात लावून पत्नीने नुसते माझ्याकडे पाहिले. पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे उभे होते.

दुपारनंतर गाडीने पश्चिमेकडे निघालो आणि रात्री उशिरा पेम्ब्रोकला पोहोचलो.

दिवस पाचवा : पेम्ब्रोक

दिवसभर पाऊस होता, पण भिजल्याचे काहीच वाटले नाही. तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या खडकावर हा किल्ला आहे आणि त्याच्या मध्यभागी विल्यमने बांधलेला प्रचंड गोल बुरूज, सुमारे पंचाहत्तर फूट उंच. पायाशी भिंत जवळजवळ एकोणीस फूट जाड आहे आणि माथ्यावर दगडी घुमट आहे. आतले चारही मजले केव्हाच नाहीसे झाले आहेत, त्यामुळे तळाशी उभे राहून मान वर केली की घुमटाच्या आतल्या बाजूपर्यंत नजर थेट जाते. चौकोनी बुरुजाचे कोपरे शत्रूला सुरुंग लावायला सोयीचे असत. गोल बुरुजाला कोपराच नसतो. कडेच्या गोल जिन्याने वर चढलो, पायऱ्या ओल्या आणि झिजलेल्या होत्या, दोराला घट्ट धरून मी पत्नीच्या मागे हळूहळू गेलो.

हा किल्ला आणि अर्ल ही पदवी त्याला जॉन राजाने २७ मे ११९९ रोजी, आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी दिली. याच जॉनने पुढे संशयापोटी त्याचे दोन मुलगे ओलीस ठेवून घेतले. स्वतः पाच वर्षांचा असताना ओलीस राहिलेल्या माणसाने आपली मुले त्याच तऱ्हेने राजाच्या हाती दिली, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. बापासारखे त्याने वचन मोडले नाही आणि जॉनविरुद्ध बहुतेक सरदार उठले तेव्हाही तो राजाची बाजू सोडून गेला नाही. मुलांच्या जिवाची काळजी त्या निष्ठेत किती होती, हे त्याच्या चरित्रकाराने सांगितलेले नाही. माझ्या मते ती पुष्कळ असली पाहिजे.

आयर्लंडचा किनारा या बाजूला आहे. १२०७ साली राजाने विल्यमला इंग्लंडला बोलावून घेतले तेव्हा लेन्स्टर सांभाळायला गरोदर इझाबेल मागे राहिली. किल्केनीच्या सभेत विल्यमने आपल्या सरदारांपुढे तिला उभे केले आणि सांगितले की, ही तुमची स्वामिनी, तुम्हाला जमिनी देणाऱ्या अर्लची लेक. माझ्यापाशी जे काही आहे ते हिच्यामुळेच आहे, हिचे रक्षण करा. भर सभेत, आपल्याच माणसांसमोर, असे बोलणारा त्या काळातला दुसरा सरदार मला आठवत नाही. इझाबेलने शत्रूंचा जोर मोडून ते ठाणे राखले.

भाऊ संपल्यावर सारी मालमत्ता पाच बहिणींच्या शाखांत वाटली गेली. तिसऱ्या मुलीला, सिबिलला, सात मुलीच होत्या, म्हणून तिच्या वाट्याच्या किल्डेअरचे पुन्हा सात भाग झाले. दुसरी मुलगी इझाबेल हिच्या मुलीच्या वंशात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस जन्माला आला. पेम्ब्रोक गेले पाचवीकडे, तिच्या मुलीच्या नवऱ्याकडे, विल्यम द व्हॅलेन्सकडे.

दिवस सहावा : परतीची गाडी

दिवस सारा गाडीत गेला. खिडकीतून कार्मार्थनची खाडी दिसेपर्यंत मी पत्नीला लिंकन शहरातल्या लढाईची हकीकत सांगितली. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन वारला, फ्रेंच राजपुत्र लुई लंडन धरून बसलेला आणि वारस हेन्री नऊ वर्षांचा. ग्लॉस्टरला त्याचा राज्याभिषेक झाला, विल्यमने राज्याची धुरा घेतली आणि राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणारी मॅग्ना कार्टाची सुधारलेली सनद त्याच्या मोहरेने पुन्हा जाहीर झाली. २० मे १२१७ रोजी सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा म्हातारा लिंकनच्या वेशीतून घोडा दामटणार तोच नोकर ओरडला की, मालक, डोक्यावर शिरस्त्राण नाही. ते चढवून तो आत घुसला आणि लढाई जिंकली.

दिवस सातवा : कॅव्हरशॅम

मुलीच्या घरून पूल ओलांडून चालत गेलो. विल्यमच्या वाड्याचा आज मागमूस नाही. नदीकाठी बागेत बाकावर बसलो आणि मी बरोबर आणलेल्या टिपणांतून त्याचे शेवटचे दिवस वाचून दाखवले.

१२१९ च्या वसंतात लंडनमध्ये तो आजारी पडला तेव्हा आपल्या घरी मरण यावे म्हणून होडीने नदीतून त्याला इथे आणले, मागच्या होडीत इझाबेल होती. एप्रिलमध्ये त्याने बालराजाला पोपच्या प्रतिनिधीच्या हाती सोपवले. मग घरची निरवानिरव केली. सर्वांत धाकट्या अँसेल्मला आधी काहीच ठेवले नव्हते, माझ्यासारखेच त्याने स्वतःच्या बळावर उभे राहावे, असे त्याचे म्हणणे होते. जुना विश्वासू जॉन ऑफ अर्ली याने गळ घातली तेव्हा त्याला १४० पौंड उत्पन्नाची जमीन दिली. एक कारकून म्हणाला की, वाड्यात ऐंशी उंची वस्त्रे पडून आहेत, ती विकून आत्म्याच्या उद्धारासाठी दान करावीत. विल्यम संतापला. पेंटेकॉस्टचा सण जवळ आला होता आणि त्या सणाला आपल्या योद्ध्यांना वस्त्रे देण्याचा त्याचा रिवाज होता, तो शेवटच्या वर्षीही मोडणार नव्हता. तीस वर्षांपूर्वी जेरुसलेमहून आणलेली दोन रेशमी वस्त्रे त्याने मागवली. ती त्याने कोणालाही न सांगता जपून ठेवली होती, आपल्या प्रेतावर घालण्यासाठी. टेम्पलर पंथाची दीक्षा घेण्यापूर्वी, आता स्त्रीस्पर्श उरणार नाही म्हणून, त्याने इझाबेलला जवळ बोलावून अखेरचे चुंबन दिले आणि दोघेही रडली.

एके दिवशी तो जॉनला म्हणाला की, मला गावेसे वाटते आहे. जॉन म्हणाला, मग गा. तो म्हणाला, लोक मला वेडा समजतील. तेव्हा मुलींना बोलावण्यात आले. मॉडने आधी गायले, तिचे मन त्यात नव्हते, पण वडिलांसाठी तिने एक कडवे म्हटले. मग सर्वांत धाकटी जोन. ती लाजत, अडखळत, हलक्या आवाजात गाऊ लागली. बापाने तिला थांबवले आणि सांगितले की, गाताना लाजू नये, लाजलीस तर गाणे नीट होणार नाही. आणि त्या खाटेवरूनच, ते शब्द कसे म्हणायचे, ते त्याने तिला म्हणून दाखवले.

हीच ती पाचवी, जिच्या मुलीकडे पेम्ब्रोक गेले.

पत्नीने टिपणे माझ्या हातातून घेतली आणि तो भाग स्वतः पुन्हा वाचला. दुपारी आम्ही रेडिंगच्या मठाच्या पडक्या भिंतींपर्यंत गेलो. कॅव्हरशॅमहून निघालेली त्याची प्रेतयात्रा आधी तिथे थांबली होती आणि मग लंडनच्या वाटेला लागली होती. संध्याकाळी मुलीने दार उघडले तेव्हा तिच्या आईने तिला आधी जोनची गोष्ट सांगितली.